शोमरोनचे सगळेच राजे वाईट कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बायबलच्या जुन्या करारातली ‘राजे’ची दोन्ही पुस्तकं सलग वाचायला घेतली तर उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजांपुढे एकच शेरा येतो, परमेश्वराच्या दृष्टीने जे वाईट ते त्याने केले. एकोणीस राजे आणि त्यात एकही चांगला नाही? मग असं राज्य दोनशे वर्षं टिकलं कसं, त्याची राजधानी शोमरोन एवढी भरभराटीला आली कशी, आणि ज्या शोमरोनला इतकी नावं ठेवली तिथलाच माणूस येशूच्या दाखल्यात चांगला कसा ठरला? शिवाय शेवटी तुम्ही विचारलंय की अलिबागजवळ एलीया संदेष्ट्याच्या रथाची खूण दाखवतात, तिचा या सगळ्याशी काही संबंध आहे का.

मी बरीच वर्षं जुना करार शिकवतो. वर्गात पाळक असतात, संडे स्कूलचे शिक्षक असतात, कधीमधी इतिहासाचे विद्यार्थीही येतात. हा प्रश्न दर वेळी निघतो. मला विचाराल तर आधी हे बघावं की राजांचा निकाल कोण लावतंय, कुठे बसून लावतंय आणि कोणत्या कसोटीवर. तेवढं धरलं की बाकीची गाठ सैल होते.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवतो. तुम्ही हे श्रद्धेने वाचता की इतिहास म्हणून, यावर उत्तराचा भर बदलेल. मी दोन्ही बाजूंनी लिहितोय. आणि या काळातल्या तारखा दोन-चार वर्षं, सुरुवातीच्या तर थोड्या जास्तच, मागेपुढे होतात. एका पुस्तकात ९३१ आणि दुसऱ्यात ९२२ दिसलं तर घाबरू नका.

आता राज्य. अखंड इस्राएलचा राजा, दाविदाचा मुलगा शलमोन वारला, इ.स.पू. ९३०च्या सुमारास. त्याचा मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी शखेमला गेला. इस्राएलच्या बारा वंशांपैकी उत्तरेकडच्यांचं म्हणणं एवढंच होतं की बापाने लादलेली वेठबिगार आणि कर हलके कर. वडीलधाऱ्यांनी सबुरीचा सल्ला दिला, बरोबरीच्या पोरांनी ताठ राहायला सांगितलं, आणि रहबामने पोरांचं ऐकलं. वर वेठबिगारीवरच्या मुकादमालाच लोकांकडे पाठवलं. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. दहा वंश फुटले, नबाटाचा पुत्र यराबाम त्यांचा राजा झाला, आणि दाविदाच्या घराण्याकडे यहूदा व यरुशलेम उरलं. इथून पुढे ‘इस्राएल’ हे नाव बहुतेक वेळा उत्तरेच्या राज्याचं, पण कधी कधी सगळ्या लोकांचंही असतं. वाचताना घोळ होतो तो इथेच.

यराबामपुढे अडचण होती. लोक दर सणाला यरुशलेमच्या मंदिरात जात राहिले तर त्यांची मनंही तिकडेच राहणार. म्हणून त्याने राज्याच्या दोन टोकांना, दक्षिणेला बेथेल आणि उत्तरेला दान इथे, सोन्याची वासरं बसवली. दानचं हे पूजास्थान उकरून निघालेलं आहे. तिथला चौथरा आणि पायऱ्या आजही बघता येतात. ‘राजे’च्या लेखकाच्या लेखी हेच ते पाप. पुढच्या जवळजवळ प्रत्येक राजाचा निकाल या एकाच कसोटीवर लागतो: बेथेलची पूजा बंद केली का? कुणीच केली नाही, म्हणून सगळे नापास. जिम्री नावाचा एक जण फक्त सात दिवस गादीवर होता, त्यातही वेढ्यात सापडलेला. बिचाऱ्याला बेथेलकडे बघायलाही सवड मिळाली नसेल, पण यराबामच्या मार्गाने चालल्याचा ठपका त्याच्यावरही आहे.

यावरून लेखक कुठे बसलाय ते कळतं. तो यरुशलेमकडचा आहे, त्याच्या दृष्टीने उपासनेची जागा एकच, आणि तो लिहितोय तेव्हा उत्तरेचं राज्य बुडालेलं आहे. राज्यकारभाराचा इतिहास लिहिण्याचा त्याचा दावाही नाही. त्यासाठी तो जवळजवळ प्रत्येक वेळी वाचकाला ‘इस्राएलच्या राजांच्या बखरी’कडे पाठवतो. त्या बखरी आज आपल्याकडे नाहीत, हीच पंचाईत.

वर्गात मी लोकांना दोन रंगांच्या पेन्सिली आणायला सांगतो. घडलेल्या गोष्टीखाली निळी रेघ, लेखकाच्या शेऱ्याखाली लाल. अम्रीच्या गोष्टीवर हे करून पाहा. पहिले राजे, अध्याय १६, ओव्या २३ ते २८. सहाच ओव्या आहेत. निळ्या रेघेखाली येतं ते एवढं: बारा वर्षं राज्य केलं, त्यातली सहा तिरसा इथे, शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार रुपे देऊन एक डोंगर विकत घेतला, त्यावर शहर बांधलं आणि मालकाच्या नावावरून त्याला शोमरोन नाव दिलं. बाकी बहुतेक लाल.

दोन किक्कार म्हणजे साठ-सत्तर किलो चांदी. राजाला डोंगर विकत घ्यायची काय गरज पडली? माझं मत असं की इथेच अम्रीची हुशारी आहे. विकत घेतलेली जागा राजाची स्वतःची, कुठल्याही वंशाचा तिच्यावर जुना हक्क नाही. दाविदाने यरुशलेम निवडलं त्यामागेही हाच विचार होता. शिवाय जागा मोक्याची. जुनी राजधानी तिरसा पूर्वेकडे, यार्देनच्या उताराकडे तोंड करून होती. शोमरोनवरून पश्चिमेला समुद्राकडे आणि उत्तरेला इज्रेलच्या सपाटीकडे जाणारे रस्ते ताब्यात राहतात. म्हणजे फिनिशियाचा (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्याचा) व्यापार हाताशी आला. अम्रीने मुलगा अहाब याच्यासाठी सीदोनच्या राजाची मुलगी ईजबेल सून करून आणली, तीही याच धोरणातून. डोंगरावर वाहता झरा नव्हता. पाणी साठवलं ते खडकात खोदलेल्या टाक्यांत, आपल्या गडांवर असतं तसं. माथ्यावरच्या राजवाड्याच्या तटाचे घडीव दगड इतके नीट बसवलेले आहेत की उत्खननाचे फोटो पाहताना सांधा शोधावा लागतो.

आता शेजाऱ्यांची साक्ष काढू. १८६८ साली आजच्या जॉर्डनमध्ये धीबान इथे एक काळा शिलालेख सापडला. तो सध्या पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. तो शेजारच्या मोआबचा राजा मेशा याने कोरवलेला. त्यात तो सांगतो की इस्राएलचा राजा अम्री याने मोआबला बरीच वर्षं दाबून ठेवलं होतं. अश्शूर (असीरिया) साम्राज्याचा राजा तिसरा शल्मनेसर इ.स.पू. ८५३ मध्ये करकर इथे एका मोठ्या आघाडीशी लढला. त्याच्या लेखात शत्रूंच्या यादीत इस्राएलच्या अहाबचं नाव आहे, आणि त्याच्यापुढे २,००० रथ व १०,००० पायदळ लिहिलंय. आकडा फुगवलेला असेलही, पण अहाब मामुली राजा नव्हता एवढं नक्की. बायबलमध्ये या लढाईचा उल्लेखच नाही. गंमत तर पुढे आहे. पुढे येहू नावाच्या सेनापतीने अम्रीचं अख्खं घराणं कापून काढलं आणि गादी घेतली. तरी अश्शूरच्या काळ्या स्तंभावर शल्मनेसरच्या पायाशी वाकलेल्या राजाच्या चित्राला जोडून लिहिलंय ‘अम्रीचा पुत्र येहू’. परक्यांच्या लेखी त्या गादीची ओळख अम्रीच्या नावावर पक्की झाली होती.

म्हणजे बायबल खोटं सांगतं का? हा प्रश्नही पाठोपाठ येतोच. मी नाही म्हणतो. अम्रीने राज्य उभं केलं हे लेखकाला ठाऊक आहे. त्याच्या ‘पराक्रमा’चा उल्लेखही तो त्या सहा ओव्यांत करतो. फक्त ते त्याच्या हिशेबात धरायचं नाही, असं त्याने ठरवलंय. त्याच्या निवडीशी तुम्ही सहमत व्हा किंवा नका होऊ, पण निवड केलेली आहे हे ओळखून वाचा.

धर्माच्या बाजूने बघितलं तर चित्र पुस्तकात दिसतं त्याहून गुंतागुंतीचं आहे. अहाबने शोमरोनमध्ये बआल या कनानी देवाचं मंदिर बांधलं हे खरं. पण त्याने मुलांची नावं ठेवली अहज्या आणि योराम, आणि दोन्ही नावांत याहवेचं म्हणजे इस्राएलच्या देवाचं नाव गुंफलेलं आहे. १९१० साली शोमरोनच्या राजवाड्याच्या परिसरात शाईने लिहिलेली खापरं सापडली, इ.स.पू. आठव्या शतकातली. कुठल्या गावाहून, कुणाकडून जुना द्राक्षारस किंवा गाळीव तेल आलं याच्या त्या नोंदी. त्यांतल्या माणसांच्या नावांत काहींत बआल आहे, काहींत याहवे. सिनायच्या उत्तरेकडे कुंतिलेत अज्रूद इथे १९७५-७६ मध्ये सापडलेल्या एका रांजणावर तर ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ (अशेरा म्हणजे एक देवी किंवा तिचं प्रतीक) यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलाय. लोक परमेश्वराला सोडून गेले होते असं सरसकट म्हणता येत नाही. ते त्यालाही भजत होते आणि शेजारच्या देवांनाही. कर्मेल डोंगरावर एलीया लोकांना विचारतो की दोन्हीकडे कुठवर लंगडत राहणार; तो प्रश्न याच परिस्थितीला नेमका लागू पडतो.

याच खापरांत मला सगळ्यात आवडणारी एक बारीक गोष्ट आहे. गणना या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात, कारण त्यांना भाऊ नसतो. त्या पाचांपैकी नोआ आणि होग्ला ही दोन नावं शोमरोनच्या खापरांवर प्रदेशांची नावं म्हणून येतात. तिथून राजवाड्यात माल येत होता. ज्यांना ती गोष्ट निव्वळ दंतकथा वाटते त्यांना मी हे जरूर सांगतो. गोष्ट जशीच्या तशी घडली असं यातून सिद्ध होत नाही, पण ती नावं खऱ्या जमिनीला चिकटलेली होती हे कळतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. हे राज्य धार्मिक दृष्ट्या महत्त्वाचं ठरलं ते राजांमुळे नव्हे, संदेष्ट्यांमुळे. एलीया, अलीशा, आमोस, होशेय हे चौघेही इथेच बोलले. त्यांच्या तोंडी मूर्तिपूजेइतकाच जोरकस दुसरा एक विषय येतो, तो जमिनीचा आणि गरिबांचा. नाबोथाची गोष्ट घ्या. इज्रेलला राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा. अहाब म्हणतो, मला भाजीपाल्याला जागा हवी, बदल्यात चांगला मळा देतो नाहीतर पैसे घे. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. अहाब रुसून न जेवता भिंतीकडे तोंड करून पडतो. मग ईजबेल राजाच्या शिक्क्याची पत्रं धाडते, दोन खोटे साक्षीदार उभे करते, आणि नाबोथला देवनिंदेच्या आरोपाखाली दगडमार होतो. कागदोपत्री सगळं कायद्याला धरून. एलीया मळ्यातच अहाबला गाठून विचारतो, खून करून वर वतनही घेतलंस का? राजालासुद्धा शेतकऱ्याची जमीन घेता येत नाही, हा दंडक इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी इतकी जुनी गोष्ट माझ्या तरी वाचनात नाही.

शंभरेक वर्षांनी दुसऱ्या यराबामचा काळ. एक्केचाळीस वर्षांची कारकीर्द, सीमा वाढलेल्या, व्यापार जोरात. ‘राजे’मध्ये त्याला सात ओव्या. याच काळात यहूदातल्या तकोवाचा मेंढपाळ आमोस उत्तरेत येतो आणि हस्तिदंताच्या पलंगांवर लोळणाऱ्यांना, प्याल्यांऐवजी वाडगेच्या वाडगे द्राक्षारस ढोसणाऱ्यांना, उंची तेल अंगाला चोळणाऱ्यांना झोडपतो. गरिबाला वहाणांच्या जोडासाठी विकता, म्हणतो. पूर्वी हे वाचून वाटायचं की संदेष्टा रागाच्या भरात बोलतोय. मग १९३०च्या दशकातल्या उत्खननात शोमरोनच्या माथ्यावर कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे निघाले. कमळं, पंख असलेले सिंह, इजिप्तच्या धर्तीची चित्रं. लाकडी सामानावर जडवायचे. द्राक्षारस आणि तेल कुठून येत होतं ते खापरं सांगतात. आमोसची पुस्तिका, हस्तिदंत आणि खापरं शेजारी शेजारी ठेवून वाचा. तो कुणाच्या घरात डोकावून बोलत होता ते दिसेल. बेथेलच्या याजकाने त्याला हाकलून देताना म्हटलं ते त्यामानाने सरळ होतं: इथे बोलू नकोस, हे राजाचं देऊळ आहे.

आणखी एक गोष्ट बरेच जण वाचताना ओलांडून जातात. येहूने इज्रेलला केलेल्या रक्तपाताबद्दल ‘दुसरे राजे’ त्याला शाबासकी देतं, कारण त्याने बआलाचं नाव पुसलं. होशेय मात्र आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो की इज्रेलच्या रक्ताबद्दल येहूच्या घराण्याला शिक्षा होणार. होशेय उत्तरेचा, घरचा माणूस. एकाच ग्रंथसंग्रहात एकाच घटनेवर दोन निकाल आहेत, आणि ग्रंथ एकत्र करणाऱ्यांनी दोन्ही ठेवले. माझ्या मते तुमच्या मूळ शंकेला याहून चांगलं उत्तर नाही.

राज्य बुडालं ते भरभर. दुसऱ्या यराबामनंतर पंचवीसेक वर्षांत सहा राजे, त्यांतल्या चौघांचा खून. गालील आणि गिलाद आधीच अश्शूरने घेतलं होतं. शेवटी शोमरोनला तीन वर्षांचा वेढा पडला आणि इ.स.पू. ७२२च्या सुमारास शहर पडलं. बायबल शल्मनेसरचं नाव घेतं (हा पाचवा, आधीचा तिसरा नव्हे), तर त्याच्यामागून आलेला दुसरा सर्गोन आपल्या लेखात श्रेय स्वतःकडे घेतो आणि २७,२९० माणसं पकडून नेल्याचं लिहितो. त्यांना हलह, हाबोर नदीकाठचं गोजान आणि मेदी लोकांची गावं इथे वसवलं, आणि बाबेल, कूथा, हमाथ वगैरे ठिकाणची माणसं शोमरोनात आणली.

‘दहा वंश हरवले’ म्हणतात ते इथून. पण सगळे गेले नाहीत. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदाचा राजा हिज्किया वल्हांडणासाठी (यहुद्यांच्या सुटकेच्या सणासाठी) उत्तरेच्या एफ्राईम-मनश्शे या वंशांना निरोप धाडतो, आणि आशेर, जबुलून इथूनही काही जण येतात. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात बाळ येशूला पाहणारी म्हातारी हन्ना आशेर वंशाची आहे. पुष्कळ अभ्यासकांचं मत आहे की उत्तरेतून पळालेले लोक यरुशलेमला आले, त्याच सुमारास शहर पश्चिमेला एकदम वाढलं, आणि एलीयाच्या गोष्टी व होशेयची वचनं त्यांच्याबरोबर दक्षिणेत पोचली.

शोमरोनी लोकांबद्दल. ‘दुसरे राजे’च्या सतराव्या अध्यायाप्रमाणे ते बाहेरून आणलेल्यांची संकरित प्रजा. त्यांचं स्वतःचं म्हणणं वेगळं: आम्हीच खरे एफ्राईम-मनश्शेचे, आणि देवाने निवडलेला डोंगर यरुशलेमचा नव्हे, गरिज्जीमचा. तिथे त्यांचं मंदिर होतं; यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने ते इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटी पाडलं आणि शोमरोन शहरही उद्ध्वस्त केलं. येशूच्या काळातलं वैर त्यावर पोसलेलं होतं. विहिरीवर येशूशी बोलणारी शोमरोनी बाई विषय काढते तोही हाच, कुठल्या डोंगरावर उपासना करायची. म्हणून दाखल्यात लुटारूंनी जखमी केलेल्या माणसाजवळून याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) बाजूने निघून जातात आणि शोमरोनी थांबतो, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते झोंबलं असणार. हा समाज आजही आहे, आठ-नऊशे लोकांचा, नाब्लुसजवळ गरिज्जीमवर आणि तेल अवीवजवळ होलोन इथे. मोशेची पाच पुस्तकं तेवढी ते मानतात, आणि वल्हांडणाला गरिज्जीमवर मेंढ्यांचा यज्ञ करतात. शोमरोन शहराचं पुढे हेरोदाने सबास्ते केलं, औगुस्त कैसराच्या सन्मानार्थ. आजचं तिथलं गाव सबास्तिया ते नाव टिकवून आहे.

आणि अलिबाग. खंडाळा गावाजवळ खडकावर एलियाहू हन्नबीच्या रथाची खूण मानतात, ती आपल्या बेने इस्राएल (कोकणातल्या यहुदी) समाजाची श्रद्धा. नवस फेडताना, शुभकार्याला ते एलियाहू हन्नबीच्या नावाने गोड पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा करतात. हा एलियाहू म्हणजे आपण वर पाहिलेला, अहाबला मळ्यात गाठणारा एलीयाच. एवढा संबंध पक्का आहे. पण नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून वाचलेले त्यांचे पूर्वज दहा वंशांपैकी होते की पुढच्या काळात आले, याबद्दल समाजातच वेगवेगळ्या परंपरा आहेत, आणि कागदोपत्री पुरावा एकीलाही नाही. एलीयाचा मान सगळ्याच यहुद्यांत आहे, त्यामुळे रथाच्या खुणेवरून वंशाचा निवाडा करता येत नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर आधार विचारा.

पुन्हा वाचायला घ्याल तेव्हा सलग वाचू नका. पहिले राजे १२, मग १६ ते २२, दुसरे राजे ६, ७ आणि ९. तिथे थांबून आमोस आणि होशेय पूर्ण वाचा, मग दुसरे राजे १४ ते १७, आणि शेवटी योहान ४. आमोस मधे घातला नाही, तर दुसऱ्या यराबामच्या त्या सात ओव्यांवरून त्या काळाचा काहीच अंदाज येत नाही.